आंबट द्राक्षाला भाव देणारी वाइन, अन् ती कधीच न चाखलेला बागायतदार

देवळाली कॅम्प : शनिवार उजाडला की लॅम रोडवर मुंबई-ठाणे पासिंगच्या गाड्या वाढतात. कॅम्पातली सॅनेटोरियम, बंगले, हॉटेलं भरतात. दुपारनंतर यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा बाहेर पडतात. काही गंगापूर धरणाच्या बाजूला जातात, काही घोटीवरून सांजेगावकडे. कारण एकच, वायनरी बघायची, चार घोट चाखायचे, दोन बाटल्या डिकीत टाकायच्या.

ज्या रस्त्याने या गाड्या जातात त्याच्या दोन्ही अंगाला द्राक्षबागा आहेत, ऊस आहे, टोमॅटो आहे. बागेत काम करणाऱ्याला फवारणीचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. पण त्याच द्राक्षाची बाटलीत गेल्यावर काय चव लागते, हे त्याला विचारलं तर तो हसून विषय बदलतो. नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणतात, अन् इथल्या बहुतेक बागायतदारांनी वाइन तोंडाला लावलेली नाही. काहींचा माळकरी घराण्याचा नेम असतो, काहींना गावात नाव होईल याची भीती, अन् बाकीच्यांच्या लेखी ती ‘मोठ्या लोकांची’ गोष्ट. पिऊ नये वाटणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण चव न कळणं हा मात्र थेट भावाचा प्रश्न आहे. तो सगळ्यात जास्त कुठं दिसतो, तर कोरड्या फेसाळ वाइनमध्ये.

फेसाळ म्हणजे स्पार्कलिंग. झाकण काढल्यावर फसफसते ती. गावात तिला सरसकट ‘शॅम्पेन’ म्हणतात. टेनिस बॉलची टुर्नामेंट जिंकली की कोल्ड्रिंकची बाटली हलवून उडवतात, त्यालाही शॅम्पेनच म्हणतात. खरं तर शॅम्पेन हा फ्रान्समधला एक प्रदेश आहे, अन् त्या प्रदेशातल्या द्राक्षाची, तिथल्या नियमाने केलेली वाइनच ते नाव लावू शकते. आपल्याकडच्या नाशिक व्हॅली वाइनला जसं भौगोलिक मानांकन आहे तसंच ते. म्हणून नाशिकची कितीही चांगली असली तरी बाटलीवर ‘स्पार्कलिंग’ लिहावं लागतं.

कोरडी म्हणजे ड्राय. यात पाणी कमी-जास्त असा काही प्रकार नसतो. द्राक्षातली साखर यीस्टने खाऊन टाकली, वाइनमध्ये गोडी जवळजवळ उरलीच नाही, की तिला कोरडी म्हणतात. लेबलवर मात्र घोळ आहे. ‘ब्रूट’ लिहिलं असेल तर लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ असेल तर ६ ग्रॅमपर्यंत. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून माणसाला वाटतं की ही सगळ्यात कोरडी, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. ‘डेमी सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम, चांगलीच गोड. तेव्हा कोरडी पाहिजे असेल तर ‘ब्रूट’ हा शब्द शोधायचा.

आंबटपणा इथं कामाचा

टेबल द्राक्षाचा सगळा खेळ गोडीवर आहे. थॉमसन असो, सोनाका असो, व्यापारी बागेत आला की आधी मणी तोंडात टाकतो, मग मीटर लावतो. अठराच्या आत ब्रिक्स असला की नाक मुरडतो. आंबट माल म्हणजे पडलेला भाव, हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे.

साध्या वाइनलाही गोडी लागतेच. लाल-पांढऱ्या वाइनसाठी बाग बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत थांबवतात, कारण साखरेचंच अल्कोहोल होतं. फेसाळ वाइनचं गणित मात्र उलटं आहे. तिच्यासाठी द्राक्ष सतरा ते एकोणीस ब्रिक्सलाच तोडतात. कारण ही वाइन दोनदा आंबते. एकदा टाकीत आणि दुसऱ्यांदा थेट बाटलीत. दुसऱ्या वेळी बाटलीत लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून वर घट्ट बूच मारतात. ती साखर आंबताना तयार होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, वाइनमध्येच विरघळतो. तोच पुढे बुडबुडा होऊन वर येतो. या दुसऱ्या आंबवणीत अल्कोहोल आणखी सव्वा-दीड टक्क्याने चढतं. आधीच जास्त गोड द्राक्ष घेतलं तर वाइन कडक होते, जड होते. शिवाय आंबटपणा नसेल तर ती तोंडात पाणचट लागते. म्हणून रसात लिटरला आठ-दहा ग्रॅम आम्ल असलेलं, हिरवट चवीचं द्राक्ष हवं असतं.

म्हणजे बाजारात जो माल ‘अजून तयार नाही’ म्हणून मागं राहतो, तोच इथं तयार माल. नाशिकमध्ये यासाठी मुख्यतः शेनिन ब्लां ही पांढरी जात वापरतात. शेनिनचा घड गच्च असतो, साल पातळ असते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर आतून कुजायला वेळ लागत नाही. लवकर तोडला तर दोन-तीन आठवड्यांची जोखीम कमी होते, तेवढ्या फवारण्या वाचतात, अन् जानेवारी-फेब्रुवारीतल्या अवकाळीच्या आधी माल घराबाहेर पडतो. गारपिटीत बाग गेलेल्याला या तीन आठवड्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

थंडीचंही तसंच. निफाडचा पारा सहा अंशांवर आला की बातमी होते आणि टेबल द्राक्षवाला धास्तावतो. मण्याची फुगवण थांबते, थॉमसनला पिंक बेरी येते. वाइनच्या द्राक्षाला रंगाचं आणि आकाराचं एवढं कौतुक नाही. उलट गार रात्रींमुळे फळातलं आम्ल टिकून राहतं, उन्हाने ते झपाट्याने उतरतं. म्हणूनच ही तोडणी रात्री किंवा पहाटे करतात आणि ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचवतात. (दारणाकाठच्या गावांत रात्रीची तोडणी बोलायला सोपी. नाणेगाव, भगूर, लहवित पट्ट्यात उसाला लागून बाग असेल तर मजूर आधी बिबट्याचं विचारतात, मग मजुरीचं.)

आता प्रश्न येतो तो कराराचा. वाइन द्राक्षाचे करार करताना भाव ब्रिक्सच्या पायरीवर बांधायची पद्धत आहे. साध्या वाइनला ते ठीक. पण फेसाळसाठी वायनरीच सांगणार की अठराला तोडा, आणि भाव पुन्हा बावीसच्या तक्त्याने लावणार, तर बागायतदार दोन्हीकडून मरतो. लवकर तोडल्याने वजनही थोडं कमी भरतं. तेव्हा करारात तोडणीचा ब्रिक्स, आम्लाचं प्रमाण आणि त्या मालाचा वेगळा दर हे तिन्ही लिहून घ्यायला हवं. मीटर प्रत्येकाच्या खिशात आहे. आम्ल मोजायचं साधं किट कोणाकडे नसतं, आणि ते काही महाग नाही. निदान गटात एक तरी असावं.

चाखायची कशी

बाटलीपासून सुरुवात करू, कारण इथंच अपघात होतात. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीन पट. बाटली न हलवता थंड करायची, सहा ते दहा अंश. घरच्या फ्रीजमध्ये तीन-चार तास पुरतात. वरची तार सोडताना अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरपी धरायची, तोंड माणसाकडे नाही, बल्बकडेही नाही. बूच एका हातात घट्ट आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची. ‘फुस्स’ असा आवाज आला म्हणजे बरोबर उघडली. ‘फाट’ करून बूच उडवणं सिनेमात शोभतं. त्यात वाइन सांडते आणि डोळा जाऊ शकतो.

ग्लास उभट आणि कोरडा हवा. साबणाचा अंश राहिला तरी बुडबुडा मरतो. अर्ध्यापेक्षा कमी ओतायची आणि आधी नुसती बघायची. बाटलीत आंबवलेल्या वाइनचे बुडबुडे बारीक असतात, मोहरीपेक्षा लहान, आणि बराच वेळ ओळीने वर येत राहतात. वरून वायू भरलेल्या स्वस्त वाइनचे बुडबुडे गोटी सोड्यासारखे, मोठे आणि दोन मिनिटांत गायब. मधला एक प्रकार आहे, त्यात दुसरी आंबवण मोठ्या बंद टाकीत करतात. तीही वाईट नसते, फळाचा वास तिच्यात ताजा राहतो. पण किंमत तिन्हींची सारखी असायचं कारण नाही. लेबलवर ‘ट्रॅडिशनल मेथड’ असेल तर ती बाटलीत आंबवलेली.

मग वास. शेनिनच्या चांगल्या फेसाळ वाइनला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, कधी पिकत आलेल्या पेरूचा वास येतो. त्याच्या मागे दुसरा वास असतो, पहाटे बेकरीच्या भट्टीसमोरून जाताना येतो तसा, ताज्या पावाचा. तो कुठून येतो? बाटलीत साखर खाऊन मेलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि वाइन महिनोन्‌महिने त्याच्यावर पडून राहते. जितकी जास्त पडून राहील तितका पावाचा, खारीचा वास चढतो. शॅम्पेन प्रदेशात बाटली कमीत कमी १५ महिने तळघरात ठेवायचा कायदाच आहे, एका सालाच्या द्राक्षाची म्हणून विकायची असेल तर तीन वर्षं. शेवटी बाटल्या हळूहळू उलट्या करून गाळ बुचापाशी आणतात, मान गोठवतात, गाळाची बर्फाची गोळी बाहेर उडवतात आणि कमी झालेली जागा थोड्या वाइन-साखरेने भरून खरं बूच मारतात. ब्रूट की डेमी सेक हे त्या शेवटच्या साखरेवर ठरतं.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. व्हिनेगरचा आला तर वाइन बिघडली. रंग तपकिरीकडे झुकला असेल आणि बुडबुडा नसेल तर बाटली उन्हात किंवा गरम दुकानात राहिलेली. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात वरच्या फळीवर उभी असलेली वाइन घेऊच नये, मग ती कुणाचीही असो.

शेवटी घोट. पहिला घोट घेतल्यावर इथला माणूस हमखास म्हणतो, ‘आंबट आहे.’ बरोबरच आहे, पण थांबायचं. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का ते बघायचं. ताजं ताक प्यायल्यावर सुटतं तसं. सुटलं, आणि चव दहा-पंधरा सेकंद स्वच्छ राहिली, तर आम्ल चांगलं आहे. घशाला टोचून लगेच संपली, कच्च्या कैरीसारखी तुरट राहिली, तर द्राक्ष फारच कच्चं तोडलंय नाहीतर फार दाबून रस काढलाय. दुसरा घोट खारट-तळलेल्यासोबत घ्यायचा. खारे शेंगदाणे, कांदाभजी, नाशिकचा चिवडा. आधी आंबट वाटलेली वाइन एकदम सरळ लागते, तेल कापते. गोड फेसाळ वाइन चिवड्यासोबत घेतली की दोन्हींची चव जाते.

कोरडी वाइन करणाऱ्याची परीक्षा इथं असते. मसाला जास्त घातला की भाजीचा शिळेपणा झाकतो, तशी साखर वाइनचे दोष झाकते. ब्रूटमध्ये झाकायला काही नाही. बागेत फवारणी चुकली, घड सडका आला, क्रेट उन्हात राहिलं, सगळं ग्लासात उघडं पडतं. म्हणून एखाद्या गटातल्या बागायतदारांनी आपल्याच बागेच्या मालाची वाइन वायनरीत बसून चाखली, तर पुढच्या सीझनला कुठं चुकलो हे मीटरपेक्षा जिभेला लवकर कळेल. आणि चाखायला प्यावंच लागतं असं नाही. जगभरात चाखणी करणारे लोक घोट तोंडात फिरवून थुंकतात, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. टेस्टिंग रूममध्ये थुंकायला लाजू नये, ते अडाणीपणाचं लक्षण नाही.

एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं बरंच बोललं गेलं. यात साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, बिअरपेक्षा जास्त. ती दारूच आहे. वायू असल्याने ती चढतेही लवकर. कायद्याने २१ वर्षांखालच्याला घेता येत नाही आणि चाखून झाल्यावर घोटीच्या रस्त्याला मोटारसायकल घालायची नाही.

लहान उत्पादकाचं दुखणं

महाराष्ट्रात फेसाळ वाइनची मोठी सुरुवात नाशिकमध्ये नाही, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन करून ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. नाशिकमध्ये सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि वायनऱ्यांचं पेव फुटलं. २००८-०९ च्या मंदीत त्यातल्या कित्येक बंद पडल्या. ज्यांनी टेबलच्या बागा मोडून वाइनची द्राक्षं लावली होती त्यांचा माल वेलीवर राहिला. अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. ‘वाइनचं नाव काढू नका’ असं म्हणणारे आजही गावोगाव भेटतात, ते त्या सालामुळे.

२०१३ मध्ये शाँदों ही फ्रेंच मालकीची कंपनी दिंडोरी तालुक्यात फक्त फेसाळ वाइन करायला आली. नाशिकचं द्राक्ष या कामाला चालतं यावर त्याने शिक्का बसला. लहानांपैकी गंगावऱ्हेच्या यॉर्क वायनरीने शेनिनची ब्रूट बाटलीत आंबवून केली. कुटुंबाने चालवलेली, धरणाच्या पाण्याकाठची वायनरी. २०२१ मध्ये सुलाने ती विकत घेतली. सांजेगावकडे ग्रोव्हर झम्पा ‘स्वारे’ नावाने करते, पण ती काही लहान कंपनी नाही.

लहान माणूस यात का टिकत नाही? एका बाटलीला सव्वा ते दीड किलो द्राक्ष लागतं. समजा किलोला ४० रुपये दिले, तर बाटलीतलं द्राक्ष ५०-६० रुपयांचं. बाकी सगळा खर्च जाड काचेचा, बुचाचा, तारेचा, यंत्रांचा, आणि सगळ्यात मोठा म्हणजे थांबण्याचा. आज तोडलेल्या द्राक्षाचा पैसा दीड-दोन वर्षांनी येणार, तोवर बँकेचं व्याज चालू. विक्रीवर २० टक्के व्हॅट, त्यातले १६ टक्के परत देण्याची सरकारी योजना आहे, पण परतावा लांबला की मोठी कंपनी कळ काढते, लहान वायनरी काढू शकत नाही. सुपरमार्केटचा तो निर्णय तर अण्णा हजारेंच्या विरोधानंतर अंमलात आलाच नाही. मग लहान उत्पादकाला उरतं काय? स्वतःच्या दारात येणारा पाहुणा. त्या पाहुण्यालाही बहुतेक वेळा गोडच पाहिजे असते.

त्यात परदेशी माल स्वस्त होतोय. ऑस्ट्रेलियाच्या वाइनवरचं १५० टक्के आयातशुल्क डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उतरतंय. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला ते दहा वर्षांत २५ टक्क्यांवर यायचं आहे. जानेवारी २०२६ मध्ये युरोपियन युनियनबरोबरचा करार पक्का झाल्याचं जाहीर झालं, त्यातही वाइनचं शुल्क हळूहळू २०-३० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. स्वस्त बाटलीला या सवलती नाहीत, त्यामुळे नाशिकच्या रोजच्या वाइनला लगेच धक्का नाही. पण पारंपरिक पद्धतीची ब्रूट ही स्वस्त बाटली नसतेच. मुंबईच्या ग्राहकासमोर उद्या नाशिकची आणि फ्रान्सची बाटली आजच्यापेक्षा जवळच्या किमतीला शेजारी उभी राहील, आणि तो नाव वाचून नाही तर चाखून ठरवू लागला, तर नाशिकला संधी आहे. नाव वाचून ठरवू लागला तर अवघड आहे.

खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. नवीन करार याच दरम्यान होतात. सही करण्याआधी वायनरीला दोन गोष्टी विचारता येतात. आमच्या मालाची गेल्या सालची बाटली कुठली, ती आमच्यासमोर उघडणार का? आणि बाटली दीड वर्षं तळघरात पडून राहणार असेल, तर आमचे पैसे किती दिवसांत?